करंटची मशीन आणि आईची कंबर

घरात नवीन वस्तू आली की चार दिवस तिचं कौतुक चालतं आणि मग ती कपाटावर जाते. आमच्याकडे आलेल्या करंटच्या मशीनचं तसं झालं नाही. ती आल्यापासून रोज काहीतरी घडतंय, आणि त्यातलं निम्मं मला अजून कळलेलं नाही. म्हणूनच सांगतो, तुम्हाला कळलं तर बघा!

आम्ही आंधळगावचे. मागच्या धानाच्या रोवणीत आईची कंबर धरली ती सुटलीच नाही. वाकून म्हशीचं दूध काढणं तिला जमेना, म्हणून चैत्रात बाबांनी तिला न विचारता म्हैसच विकून टाकली. त्या दिवसापासून आई बाबांशी एक शब्द बोलत नव्हती. जे काही असेल ते माझ्यामार्फत. "राजू, तुझ्या बाबाले सांग, जेवण वाढलं." आणि बाबा समोर पाटावर बसलेले! कंबर आज ना उद्या बरी होईल, पण हा अबोला सुटेल का, याचीच मला जास्त काळजी वाटायची.

*

भंडाऱ्याच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी आईला तपासलं, व्यायाम दाखवले आणि घरी लावायला ही मशीन दिली. मोबाइलएवढी डबी, दोन वायरी, चार चिकट पॅड. पॅड कमरेला लावायचे, बटन हळूहळू वाढवायचं, झिणझिण होते आणि दुखणं जरा दबतं. एका वेळी वीस मिनिटं.

त्याआधी मॅडमनी विचारलं, "मावशी, दहापैकी किती दुखतं?"

"दहा ठिकाणी नाही जी, एकाच ठिकाणी दुखते."

"तसं नाही. दहा म्हणजे आयुष्यातलं सगळ्यात जास्त दुखणं. मग आत्ता किती?"

आईनं बराच विचार केला. माझ्याकडे बघितलं. "याच्या बाळंतपणाचं धरून सांगू का सोडून?"

मॅडमनी पेन खाली ठेवला. मी खिडकीबाहेर बघत बसलो.

*

पहिल्या दिवशी मी पॅड चिकटवून बटन दाबणार, तेवढ्यात अंगणातून बाबांचा आवाज आला. "थांब! थ्री फेज येऊ दे."

आमच्या शेतातला पंप थ्री फेजवर चालतो, आणि ती लाइन तिच्या मर्जीने येते.

"बाबा, ही चार्जिंगवर चालते."

"सिंगल फेजवर आपला पंप चालते का?"

"नाही."

"मंग? कंबरीचं काम का हलकं आहे?"

वाटलं, निदान आई तरी माझी बाजू घेईल. ती पालथी पडल्यापडल्या म्हणाली, "राजू, तुझ्या बाबाले सांग, बरोबर आहे त्यांचं."

चैत्रापासून पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं, आणि त्यापायी मशीन दुपारपर्यंत बंद राहिली!

*

नाकाडोंगरीचे मामा आले. त्यांचं शेत जंगलाला लागून, त्यामुळे रानडुकरांसाठी कुंपणात विजेचा झटका सोडतात. आईची मशीन बघून त्यांना जरा हसूच आलं. "एवढीशी? याच्यानं तर उंदीर नाही भेत!"

म्हणाले, माझ्या खांद्याला लावून दाखव. मी पाणी आणायला आत गेलो, तेवढ्यात मामांनी स्वतःच पॅड लावले, तेही बनियनवरून! काहीच लागेना, म्हणून बटन वाढवत वाढवत पार शेवटाला नेलं. तरी काही नाही. मग बनियन वर केली आणि बटन कमी न करताच पॅड अंगाला चिकटवले.

मामा उडाले ते थेट ओसरीच्या खाली. जरा वेळानं कपाळ पुसत म्हणाले, "आता डुकराचं दुःख समजलं बाप्पा!"

*

शेजारच्या शेवंताकाकूंचा गुडघा दुखतो. मॅडमना फोन करून विचारलं, छातीत पेसमेकर वगैरे नाही ना याची खात्री झाली, आणि मशीन काकूंकडे जाऊ-येऊ लागली.

एकदा परत आलेला मशीन ठेवायचा डबा उघडतो तर काय! वायरींच्या मधोमध लाखोळीची डाळ!

"काकू, हे काय?"

"रिकामा डबा कसा परत करू गा? लोकं काय म्हणतील!"

"आणि पॅड का चिकटत नाहीत?"

"साबणानं धुतले ना. दुसऱ्याची वस्तू अशीच उष्टी देतेत का?"

डाळ आईनं शिजवली. मी काकूंसाठी वेगळे पॅड आणले आणि आईसाठीही नवे. मशीन मात्र दोघींत एकच राहिली.

*

पॅड लावायची ड्यूटी माझी होती. आईला काही केल्या पटायचं नाही. "तिथं नाही, खाली. एवढं खाली नाही! काहून घाई करून राहिला?"

एक दिवस बाबा दारातून म्हणाले, "राजू, मणक्यावर नाही, बाजूले लावाचं सांगितलं होतं मॅडमनं."

आई भडकली. "तुझ्या बाबाले सांग, एवढं समजते तर सोताच लावा!"

मी सांगायच्या आत बाबा हात धुऊन आले. चारही पॅड लावले. दुसऱ्या दिवशी मी पॅड घेऊन गेलो तर आई म्हणते, "ठेव तिथं. तुले जमत नाही."

*

हे ऐकून मॅडम म्हणाल्या, मग कमरेचा पट्टाच देते. पॅड त्यातच बसवलेले, मावशी स्वतःच लावतील, कोणाची गरज नाही.

आईनं पट्टा उलटासुलटा बघितला. "पट्टा कायले? मी म्हैस आहो का?"

इतक्या दिवसांत आमच्यात कोणी म्हशीचं नावसुद्धा काढलं नव्हतं. बाबा खाली बघत होते, आणि त्यांचे खांदे हलत होते. रडतायत की हसतायत, मला कळलं नाही. पट्टा परत गेला.

*

परवा शाळेतून लवकर सुटलो. येताना शेवंताकाकू ओसरीवर गुडघ्याला मशीन लावून बसलेल्या दिसल्या. घरी आलो तर आई खाटेवर पालथी, बाबा मागे स्टुलावर. चारही पॅड कमरेला, वायर मात्र एकालाही नाही!

"आई, अगं मशीन तर काकूंकडे आहे!"

"माहीत आहे मले," आई म्हणाली. मान वळवली नाही. मग बाबांना म्हणाली, "अजी, तो उजवा थोडा खाली लावा ना."

बाबांनी पॅड काढला आणि थोडा खाली लावला.