डाव्या पावडीजवळची जागा

कुत्रं रात्री रडलं की यम गल्लीत शिरला, असं मानण्याची सोय आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे. ते दिवसा रडलं तर काय, याबद्दल शास्त्र गप्प आहे. त्यामुळे खासबाग पेठेतल्या मष्णू विणकराचा कुत्रा उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत रडू लागला, तेव्हा लोकांना स्वतःचं शास्त्र तयार करावं लागलं. ते त्यांनी दोन दिवसांत केलं.

मष्णू मूळचा उचगावचा. चार भावांत धाकटा, आणि शेत चौघांना पुरणारं नव्हतं. म्हणून त्याला लहानपणीच खासबागेत एका निपुत्रिक विणकराच्या हाताखाली ठेवलं. तो विणकर मेला, माग मष्णूकडे आला, तीस वर्षं गेली, पण पेठेत तो ‘उचगावचा मष्णू’च राहिला. अरुंद छातीचा, कमी बोलणारा माणूस. त्याची लुगडी चांगली असत, हे लोक मान्य करत. पण ते मान्य करतानाही ‘उचगावचा असून’ एवढं मागे लावत.

घर एका खणाचं, एकाच खोलीचं. त्यातला अर्धा भाग मागाने खाल्लेला. हा माग जमिनीत खड्डा करून बसवतात. विणकर खड्ड्याच्या काठावर बसतो आणि पाय खाली सोडतो. खाली दोन फळ्या दोरीने टांगलेल्या असतात, त्या पावड्या. एक दाबली की अर्धे धागे उचलले जातात आणि मधून आडवं सूत घेऊन धोटा पळतो. दुसरी दाबली की तो परत येतो. उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत हेच. मष्णूची बायको गुणाबाई शेजारी बसून धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरी. मूल नव्हतं. शेजारची शालूबाई त्यावर वर्षातून दोन-तीन नवस सुचवी. गुणाबाई ते ऐकून घेई आणि कांड्या भरी.

एका आषाढात कुणाचं तरी पिल्लू दारातून आत आलं आणि थेट खड्ड्यात पडलं. ते तिथेच राहिलं. डाव्या पावडीच्या कडेला त्याने जागा धरली आणि मष्णूच्या पायाची ऊब घेत, खटखट ऐकत ते वाढलं. कधी बाहेर आलंच तर भिंतीपासून भिंतीपर्यंत पळायचं, म्हणून नाव धोट्या पडलं. राखणीला तो निरुपयोगी होता. घरात राखण्यासारखंही काही नव्हतं, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती. धोट्याला लागू नये म्हणून मष्णूचा डावा पाय जरा जपून पडे. गुणाबाई म्हणे, एक पाय कुत्र्यानं नेला, दुसरा तेवढा माझ्या वाटणीला ठेवा.

एकोणीसशे चारच्या सुमारास एका वर्षी दिवाळी झाली आणि उंदीर मरून पडू लागले. प्लेगची ती काही पहिली खेप नव्हती. लोकांना आता सराव झाला होता. घराला कुलूप घालायचं, आत ऊन यावं म्हणून कौलं काढायची आणि शेतात झोपड्या घालून राहायचं. विणकरांच्या चाळीसेक झोपड्या येळ्ळूरच्या वाटेवर, भावकू नावाच्या शेतकऱ्याच्या कापणी झालेल्या भातशेतात उभ्या राहिल्या. माग नेता येत नव्हते. सूत आणि जुनं सामान नेऊ नये असा नियम होता. आणि घराचं कुलूप पुन्हा उघडायचं नाही, हा नियमांचा नियम. तो पाळला जातो की नाही, हे बघायला मारुतीराव होते. पेठेतले वडीलधारे. मागच्या खेपेला त्यांचे दोन मुलगे गेले होते, त्यामुळे त्यांच्याशी नियमांबद्दल कुणी वाद घालत नसे.

पहिल्याच सकाळी धोट्या रडू लागला. भुंकणं नव्हे, मान वर करून लांब, सरळ, न तुटणारा सूर. दुसऱ्या दिवशी शेवटच्या झोपडीतला म्हातारा दम्याने गेला. तो दहा वर्षं आज-उद्या जाणारच होता. पण शास्त्राला तेवढा आधार पुरला.

मारुतीराव संध्याकाळी आले. रागावले नव्हते. म्हणाले, “मष्णू, मी कुत्र्याचा वैरी न्हाय रं. पर बायकांच्या घशाखाली घास उतरंना झालाय. तीन दिवस बघ. चौथ्या दिवशी भावकूचा गडी काठी घिऊन यील. तू तवा हितं थांबू नगंस.”

कुत्र्याला दुसरीकडे पोचवावं तर जागा नव्हती. उचगावच्या भावांनी प्लेगच्या गावच्या माणसाला वेशीत घेणार नाही असं आधीच कळवलं होतं. कुत्र्याचा उल्लेख नव्हता, पण अर्थ पोचला.

नव्या जागी जनावर रुळवायचे उपाय प्रत्येकाला ठाऊक असतात. भाकरी काखेत धरून घाम लागला की ती खायला घालावी. चुलीभोवती तीन फेरे मारावेत. जात्याच्या खुंट्याला एक दिवस बांधून ठेवावं. शालूबाईने धन्याच्या जुन्या पटक्याचा तुकडा गळ्यात बांधायला सांगितला. मष्णूने पहिल्या दिवशी हे सगळं केलं. धोट्या काखेतली भाकरी खाई, फेऱ्यांना येई, पटका बांधून घेई आणि मग मान वर करून रडायला लागे.

त्या संध्याकाळी चुलीपाशी गुणाबाई म्हणाली, “ते मागाच्या वेळंला रडतंय.”

मष्णूने वर पाहिलं.

“उजाडलं की लागतंय. दुपारी तुमी भाकरीला उठायचा, तवा थांबतंय. दिवं लागलं की गप. राती एकदा तरी रडलंय व्हय? तुमी बसंना झालाय म्हणून रडतंय ते.”

दुसऱ्या दिवशी मष्णूने झोपडीत खड्डा खणायला घेतला. प्लेगच्या वस्तीत माणूस घरातच खड्डा खणतोय म्हटल्यावर गर्दी जमली. कुणी गेलेलं नाही हे कळलं, तेव्हा लोकांची थोडी निराशाही झाली. बाभळीच्या दोन फळ्या तासून मष्णूने त्या झोपडीच्या बांबूला दोरीने टांगल्या, काठावर बसला आणि पाय हलवू लागला. वर ना धागा, ना धोटा.

भावकू वाकून बघत होता. “काय विणतोस रं, मष्णू?”

“काय न्हाय.”

“मग लवकर हुईल,” भावकू म्हणाला.

धोट्या खड्ड्यात उतरला. फळ्या हुंगल्या, एकदा, परत एकदा. मग वर आला आणि दारात बसून सूर लावला. ओल्या बाभळीला ना तो वास होता, ना तो आवाज. मष्णू तरीही दिवे लागेपर्यंत पाय हलवत राहिला.

तिसऱ्या दिवशी दुपारी गुणाबाई शेणकुटं गोळा करून आणते म्हणून बुट्टी घेऊन गेली. उन्हं कलल्यावर आली. शेणकुटांखाली जुन्या पावड्या होत्या. काळ्या पडलेल्या, टाचांनी मधोमध झिजवलेल्या.

“कुठनं आणलीस?”

“घरातनं. बाजारात मिळत्यात व्हय?”

“कुलूप काढून आत गेलतीस?”

“दाराबाहेर टांगल्या न्हवत्या.”

यावर मष्णूने काय करायला हवं होतं, हे मष्णूलाही माहीत होतं. पावड्या उचलून बांधापलीकडे फेकायच्या, बायकोला अंगावरच्या लुगड्यासकट आंघोळ घालायची. पण बाहेर कुत्रं रडत होतं आणि उद्या चौथा दिवस होता. त्याने बाभळीच्या फळ्या सोडल्या, जुन्या पावड्या बांधल्या आणि पाय ठेवले.

खट, खट. धोट्या आत आला. खड्ड्यात उतरला, डाव्या पावडीच्या कडेला अंग टाकलं आणि मष्णूच्या पायावर हनुवटी टेकली. सूर तुटला. चाळीस झोपड्यांत एकदम शांत झालं. मारुतीराव येऊन दारात उभे राहिले, खाली कुत्र्याकडे आणि मग वरच्या मोकळ्या हवेकडे बघितलं. “बरं झालं,” म्हणाले आणि गेले. काठी आली नाही.

त्यानंतर उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत मष्णू रोज विणत होता. आयुष्यात त्याने कधी इतक्या नेमाने काम केलं नव्हतं.

पावड्या आणल्यापासून पाचव्या दिवशी गुणाबाईला ताप भरला. संध्याकाळपर्यंत जांघेत गाठ आली. पावड्यांबद्दल दोघांपैकी कुणी काही बोललं नाही. ती खड्ड्यापासून दोन हातांवर पडून होती. तिला पाणी द्यायला मष्णू उठला की पावड्या थांबत आणि धोट्या कान उभे करून कण्हायला लागे. दुसऱ्या दिवशी तिने मष्णूला उठू दिलं नाही.

“बसा तितंच,” ती म्हणाली. “मी काय रडत न्हाय. त्याला बघा.”

पाणी शालूबाईने पाजलं. नवस सुचवणाऱ्या बाईला दुसऱ्याच्या दुखण्याची भीती वाटत नाही, असं म्हणता येणार नाही. पण आली तीच. बाकीचे बांधावर उभे राहून हळहळले.

गुणाबाई तिसऱ्या प्रहरी गेली. मष्णूचे पाय तेव्हा चालू होते. धोट्या झोपला होता, त्याने मानही उचलली नाही.

मातीहून परतल्यावर शालूबाई म्हणाली, त्यात तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, की कुत्र्याला गप केलंत, न्हायतर आधी कळलं असतं. हे वस्तीला पटलं. आठवडाभरापूर्वी रडणं हा त्या कुत्र्याचा गुन्हा होता. आता न रडणं.

नियमाप्रमाणे गेलेल्या माणसाचं सगळं जाळायचं. लुगडी, गोधडी, बुट्टी आणि शेवटी झोपडीसुद्धा. मारुतीराव एकटेच समोर उभे राहून करवून घेत होते. मष्णू एकेक वस्तू आणून टाकत होता. झोपडीला काडी लावायच्या आधी तो खड्ड्यात उतरला, पावड्या सोडल्या आणि काखेत धरून बाहेर आला. मागोमाग धोट्या.

“त्या बी टाक,” मारुतीराव म्हणाले.

मष्णू थांबला. त्याच्या तोंडून एका दमात इतकं बोलणं पेठेत कुणी आधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.

“अण्णा, ह्या टाकल्या तर ते परत रडंल. रडलं की तुमी काठी आणणार. मग ती कशाला गेलती घरात?”

पावड्या कुठून आल्या, हे मारुतीरावांना तेव्हा कळलं. त्यांनी पाठ फिरवली आणि शेजारच्या झोपडीतल्या गोधड्या उन्हात घातल्यात की नाही, ते बघायला गेले.

मष्णूने शेताच्या पार कोपऱ्यात दुसरी झोपडी घातली आणि दुसरा खड्डा खणला. त्या महिन्यात वस्तीतली आणखी तिघं गेली. त्यांत शालूबाई होती. पावड्यांचा याच्याशी काही संबंध होता का, हे कुणी विचारलं नाही. विचारण्याइतकं फक्त मारुतीरावांना माहीत होतं, आणि त्यांनी तर नाहीच. मात्र त्यानंतर त्यांनी नियमांची उठाठेव दुसऱ्याकडे सोपवली. वय झालं, असं कारण दिलं.

होळीला लोक घरी परतले. मागाचा खड्डा सरकारी माणसांनी चुन्याने भरून टाकला होता. मष्णूने तो उपसला, माग उभा केला, पावड्या बांधल्या. धोट्या चुन्याला शिंकला आणि आपल्या जागी जाऊन पडला, जणू मधे कुठे जाणं झालंच नव्हतं. घर बदललं की जनावर कावरंबावरं होतं म्हणतात. हे तीनदा हललं आणि तिन्हीदा रुळलं.

कांड्या भरायला आता कुणी नव्हतं. मष्णू त्या दिवे लागल्यावर भरे, त्यामुळे लुगडी उशिरा होऊ लागली. निपाणीचा जिनाप्पा ती घेऊन जाई. घडीवरून बोट फिरवून दोष काढण्यात तो पटाईत होता. मष्णूच्या लुगड्यात कुठे कुठे एखादी तार सुटलेली त्याला सापडे. डावी पावडी पुरती दाबली न गेल्याची ती खूण. पुढे कुत्रं मेलं, तेव्हा जिनाप्पाला वाटलं की आता तरी पाय सरळ पडेल. पडला नाही. मष्णू त्यानंतर पंचवीस वर्षं विणत होता आणि शेवटच्या लुगड्यापर्यंत ती तार सुटत राहिली. जिनाप्पाने एकदा विचारलं, मग विचारायचं सोडलं.

कुत्रं मेलं ते प्लेगनंतर सात वर्षांनी, म्हातारपणाने, खड्ड्यातच. मष्णूने त्याला येळ्ळूरच्या वाटेवर, भावकूच्या बांधाला पुरलं. पुरून झाल्यावर घोंगडीत गुंडाळून आणलेल्या पावड्या काढल्या, कोपऱ्यात त्याची दुसरी झोपडी होती तिथे पालापाचोळा रचला आणि पेटवल्या. जुनं लाकूड, लवकर धरलं.

भावकू नांगर सोडून आला. काय जाळतोस म्हणाला.

“गुणीचं,” मष्णू म्हणाला. “थोडं ऱ्हायलं हुतं.”

भावकूने धुराकडे बघितलं. मग त्याने बैल सोडले आणि तो धूर लागू नये म्हणून वाऱ्याच्या वरच्या अंगाला, लांब नेऊन बांधले.