राहीच्या हातची घंटा

साताऱ्यात आमच्या घरासमोर हायस्कूल होतं. मी दुसरी शिकलेली, पण हायस्कुलात रोज गेले. फुटाण्याची पाटी घेऊन, फाटकापर्यंत. आता नातवंडं मला त्या शाळेचा इतिहास सांगतात. फाटकाजवळ दगड आहे, त्यावर अर्जुना शिपायाचं नाव कोरलंय. नाव बरोबर आहे. त्याच्या बायकोचं, राहीचं, मी सांगते.

नवराबायको कोरेगावकडची. शाळेमागच्या खोलीत राहायची, मूलबाळ नव्हतं. आंब्याच्या फांदीला रुळाचा तुकडा टांगलेला, तीच शाळेची घंटा. अर्जुनानं सकाळी हातोडा मारला की शाळा भरायचीच, पण आमच्या आळीतल्या चुलीसुद्धा त्यावरच पेटायच्या.

बेचाळीस साली पोरांनी शाळेवर झेंडा लावला. पोलीस आले तसं अर्जुनानं फाटकाला आतनं कुलूप घातलं आणि किल्ली विहिरीत टाकली. फाटक मोडेपर्यंत पोरं मागच्या भिंतीवरून पांगली. सगळ्यात शेवटी भिंत चढला तो अर्जुना. त्याच्या नावानं वॉरंट निघालं, आणि तो काही परत आला नाही. हेडमास्तरांनी राहीला सांगितलं, अर्जुना येईपर्यंत घंटा तू दे आणि खोलीत राहा. शिपायाच्या पगारातला थोडा तिला मिळायचा, तेवढ्यावर तिचं भागायचं.

थंडीच्या दिवसांत धुळा नावाचा माणदेशातला मेंढका घोंगड्या विकायचं निमित्त करून तिच्याकडं आला. अर्जुना त्याच्याच वाडीत लपला होता. तापानं गेला. त्यांनी त्याला ओढ्याकाठी गुपचूप अग्नी दिला होता.

राहीचा हात बांगड्यांकडं गेला, तो धुळानं हात जोडले. म्हणाला, "वैनी, कपाळ पुसू नगा. पुसलं की पोलीस इचारणार, कुठं मेला, कुणी जाळला. आमच्या वाडीत बायापोरं हाईत."

राहीनं एकच विचारलं. "त्येंच्या तोंडात पाणी कुणी घातलं?"

"माझ्या आईनं."

"मग ऱ्हाऊ द्या कुंकू."

हे तिनं मला सांगितलं पहिल्या वटपौर्णिमेला. मी नवी नवरी, हौसेनं तिला वडाकडं ओढत होते. तिनं हात सोडवला, कोपऱ्यात बसली आणि सगळं बोलली. मी वडाला फेरे मारताना दोरा कितीदा तुटला माझा.

तेव्हापासून सणवार आला की राही सांगायची, मला कावळा शिवलाय. संक्रांतीचं वाण, चैत्रातलं हळदीकुंकू, कुणाच्या पोरीचं हळद दळणं, बरोबर त्याच दिवशी. माझ्या सासूबाई, बनुबाई, जिभेच्या तिखट. फाटकात सगळ्यांसमोर म्हणायच्या, "राहीचा कावळा पंचांग वाचून येतोय." बायका हसायच्या. मग हसणं कमी झालं आणि बोलणं वाढलं. नवरा रानोमाळ फिरतोय आणि ही त्याच्यासाठी वडाला एक फेरा मारीना. कुणी म्हणालं, हिनंच पोलिसांना पत्ता दिला असंल.

पोलिसांचं उलटं. हवालदार बाजाराच्या दिवशी यायचा आणि तिच्या कपाळाकडं बघायचा. "कुंकू ताजं हाय, म्हंजे गडी जित्ता हाय. कुठं हाय?" तिला चौकीवर न्यायचे. परत आली की तिला पाठ टेकता यायची नाही, मी तेल लावायची. एकदा म्हटलं, राही, पुसून टाक बाई, सुटशील. ती म्हणाली, धुळाच्या म्हाताऱ्या आईला काय सांगू? सकाळी ती पुन्हा आंब्याखाली हातोडा घेऊन उभी. तेवढा एक हात तिला वर करता यायचा.

मग सरकार बदललं, वॉरंटं उठली. दाढ्या वाढलेली माणसं घरोघरी परत आली. शाळेत मांडव घातला, अर्जुनासाठी हार आणून ठेवला. विजयमालाबाई, हेडमास्तरांच्या मंडळी, राहीची ओटी भरणार होत्या. आदल्या दिवशी धुळा आला आणि म्हणाला, "वैनी, आता मोकळ्या झाला."

राही दुसऱ्या दिवशी मांडवात आली ती मोकळ्या कपाळानं आणि रिकाम्या हातांनी. विजयमालाबाईंच्या हातातला नारळ तसाच राहिला. हार फोटोला घालावा तर अर्जुनाचा फोटोही नव्हता. मग दगड बसवायचं ठरलं. भाषणं लय झाली. राही आपल्यात का येत नव्हती, ते आमच्या आळीतल्या बायकांना तेव्हा कळलं.

आठवडा गेला नसेल, हेडमास्तर खाली मान घालून आले. पालक बोलतात म्हणाले. सकाळी सकाळी, परीक्षेचे दिवस, घंटा सवाष्णीच्या हातची असती तर गोष्ट वेगळी. नवा शिपाई बघितला होता. खोली त्याला लागणार होती.

राहीनं हातोडा पुसून त्यांच्या पुढ्यात ठेवला. "मास्तर, एवढी वर्सं ह्याच हातानं वाजत हुती. पोरं पास झालीच की."

हेडमास्तर हातोडा उचलून निघून गेले.

ती धुळाच्या वाडीला जायला निघाली, त्या म्हातारीकडं. गाठोडं एवढंसं. मी रडत होते. सासूबाई घरातनं आल्या, तिच्यापुढं उभ्या राहिल्या. विधवेची ओटी भरत नाहीत. सासूबाईंनी पाटीतले फुटाणे ओंजळीनं उचलून तिच्या पदरात घातले, पुन्हा घातले, पाटी रिकामी होईपर्यंत. मग पदराला गाठ मारली आणि तिच्याकडं न बघता म्हणाल्या, "वाटंला हुतील."