चौतीस जोड चपला

हडपसरच्या गेनबांनी एसटीत तेहतीस वर्षं कंडक्टरी केली आणि तेवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीतलं एकही माणूस चहाच्या थांब्यावर मागे राहिलं नाही. हे त्यांनीच इतक्यांदा सांगितलंय की सगळ्या आळीला पाठ आहे. गाडी थांबली की दारात उभं राहून उतरणारी माणसं मोजायची. चढताना परत मोजायची. आकडा जुळला की दोरी दोनदा ओढायची. टण टण. डबल बेल झाल्याशिवाय खुद्द साहेब जरी गाडीत बसलेला असला तरी चाक हलणार नाही.

रिटायर होऊन बारा वर्षं झाली, पण मोजायची खोड काही सुटली नाही. लग्नाला गेले की पंगत मोजतात. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बाकावरची डोकी मोजतात. त्यांच्या मंडळी मुक्ताबाई म्हणतात, "माझ्या मयतालाबी मोजत बसतील, आन म्हणतील एक कमी हाय."

त्यांची नात शेफाली. तिला कंपनीनं वर्षभरासाठी व्हिएतनामला धाडलं. तिनं हट्टच धरला, आबा-आजी आल्याशिवाय मी दिवाळीला घरी येत नाही म्हणून. मग काय, निघाली दोघं. तिथला उकाडा असा की चुलीपुढं बसवून वर ओलं कांबळं पांघरावं. तीन दिवस घाम पुसून झाल्यावर शेफाली म्हणाली, "आपण दालात नावाच्या गावाला जाऊ. डोंगरावर आहे, गार असतं. बसनं सात-आठ तास."

बस म्हटल्यावर गेनबांचा चेहरा खुलला. सकाळी स्टँडवर तास आधी जाऊन बसले.

गाडीच्या पायरीपाशी एक माणूस सगळ्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी देत होता. पायातलं काढायचं, पिशवीत घालायचं, मगच आत. मुक्ताबाई म्हणाल्या, "चपला काढायच्या म्हंजी देऊळच की!" आणि पायरीला हात लावून त्यांनी तो कपाळाला लावला. ड्रायव्हर मान वाकवून हसला. आत बघतात तर खुर्ची एक नाही. खाली-वर नुसते पलंग, एकेकाला पडदा.

"झोपून जायाचं?" गेनबा म्हणाले. "आजारी हाय का आपण?"

त्यांना अगदी दारापाशी खालचा पलंग मिळाला. पलीकडे मुक्ताबाई, वरती शेफाली. समोरच्या पलंगावर चौकड्याचा रुमाल डोक्याला बांधलेली एक म्हातारी होती, मुक्ताबाईंच्याच वयाची. पिशव्या वाटणारा तो माणूस पन्नाशीचा, फोन सदा कानाला चिकटलेला. गेनबांनी त्याला बरोबर ओळखलं. हा आपला जातभाई, कंडक्टर.

दोन तासांनी गाडी एका हॉटेलपाशी थांबली. कंडक्टरनं दारात चपलांचं एक टोपलं ठेवलं. सगळ्या एकसारख्या, निळ्या, गाडीच्या मालकीच्या. आपलं पायतान पलंगावर पिशवीत ठेवायचं, ही चप्पल घालून उतरायचं आणि परत येताना टोपल्यात टाकायची. गेनबांनी बसल्या जागी मोजलं. चौतीस माणसं, चौतीस जोड.

वीस मिनिटांनी सगळी चढली. कंडक्टर फोनवर बोलत चढला, त्यानं दार लावलं आणि गाडी निघाली. गेनबा ताडकन उठून बसले. "अगं, ह्यो मोजत न्हाई!"

"न्हाई मोजत तर न्हाई. तुम्हाला काय करायचंय?"

पण गेनबा टोपल्यावर वाकले होते. तेहतीस. परत मोजलं, तरी तेहतीसच. "थांबा! रोखो! माणूस ऱ्हायलं!"

कचकन ब्रेक लागला. शेफाली वरून धडपडत उतरली आणि इंग्रजीत काय ते सांगितलं. कंडक्टरनं एकेक पडदा सारून डोकी मोजली. चौतीस. सगळी जागेवर. मग एक जोड गेला कुठं?

मुक्ताबाईंनी हळूच आपल्या पिशवीला हात घातला आणि निळ्या चपला काढल्या.

"आजी!"

"मग काय करू? दारात ठेवायच्या व्हय? शनिवार पेठेतल्या लग्नात माझी नवी कोरी चप्पल गेली. तवापासनं मी बाई चप्पल जवळ घिऊनच बसते."

सगळी गाडी हसली. समोरची रुमालवाली म्हातारी तर पोट धरून हसली, डोळ्यांना रुमाल लावावा लागला तिला. ड्रायव्हरनं आरशातून गेनबांकडे असं बघितलं की तेहतीस वर्षांची नोकरी पाण्यात गेली.

"आबा, प्लीज," शेफाली कानाशी म्हणाली. "सगळे बघतायत. आता रिटायर व्हा ना."

"आन पुन्यांदा तोंड उघडायचं न्हाई," मुक्ताबाईंनी दम दिला. "घ्या माझी आन."

गेनबांनी शपथ घेतली आणि खिडकीकडे तोंड करून पडून राहिले. बाहेर रबराची झाडं रांगेनं उभी होती. ती मात्र त्यांनी मोजली. त्याला कोण नाही म्हणणार?

दुपारी घाटाच्या पायथ्याला गाडी परत थांबली. या खेपेला मुक्ताबाईंनी गुमान चपला टोपल्यात टाकल्या, वर नवऱ्याला दाखवूनही टाकल्या. कंडक्टर फोनवर बोलतच चढला. दार लागलं, गाडी रस्त्याला लागली.

बघायचं नाही असं गेनबांनी ठरवलं होतं, पण टोपलं नाकासमोर. डोळे काय ऐकतात थोडेच? तेहतीस.

त्यांनी आधी बायकोचे पाय बघितले. अनवाणी. मग तिच्या पिशवीत डोकावले.

"काय हुडकताय?"

गेनबा बोलले नाहीत, शपथ होती. त्यांनी नुसतं टोपल्याकडे बोट केलं, मग समोरच्या पलंगाकडे. पडदा ओढलेला होता आणि कडेला म्हातारीच्या स्वतःच्या चपलांची पिशवी तशीच लटकत होती. निजली असेल असं कुणालाही वाटावं. पण परक्या बाईचा पडदा पुरुषानं कसा सारायचा? मुक्ताबाई उठल्या आणि त्यांनी फट करून बघितलं.

पलंग रिकामा. उशाला तिचं बोचकं होतं. त्यावर फोनही पडलेला. बाई नव्हती.

"आगं आई गं! म्हातारी ऱ्हायली!"

वर शेफालीच्या कानात गाण्याचं यंत्र, डोळे मिटलेले, हाका ऐकू जाईनात. गेनबा कंडक्टरकडे गेले, तर त्यानं वर न बघताच हात हलवला, जा, झोपा. घाट सुरू झाला होता. एका वळणामागून दुसरं वळण पडत होतं आणि म्हातारी लांब लांब चालली होती. तिच्याजवळ तर फोनही नाही.

"आहो, बगताय काय नुसतं?" मुक्ताबाई ओरडल्या. "आन सोडली मी! द्या बेल!"

बेल कुठली? गेनबांनी खिशातनं चुन्याची डबी काढली आणि पलंगाच्या लोखंडी दांडीवर एकदाच हाणली. टण्ण.

एक बेल म्हणजे थांबा. ड्रायव्हर कुठल्या देशाचा का असेना, त्याचा पाय आपसूक ब्रेकवर गेला. गाडी कडेला थांबली. तो रागानं मागे वळला. गेनबांनी चपलांची पिशवी उचलून धरली आणि रिकाम्या पलंगाचा पडदा मुक्ताबाईंनी सगळ्यांसमोर सारला. कंडक्टरचा फोन कानावरनं खाली आला, त्या दिवसात पहिल्यांदाच.

पुढे रुंद जागा बघून गाडी वळवली. हॉटेलपाशी आले, तर रस्त्याच्या मधोमध निळ्या चपला घालून म्हातारी उभी, हातात उकडलेल्या कणसांची पिशवी. गाडीत चढली आणि तिनं कंडक्टरला जे सुरू केलं ते पाच मिनिटं दम घेतला नाही. भाषा ओ की ठो कळली नाही, पण मुक्ताबाईंना सगळं पटलं. "बरोबर हाय बाई, सोडू नको त्याला," त्या मधूनमधून म्हणत होत्या.

सगळं कळल्यावर म्हातारी गेनबांपुढे आली. सकाळच्या हसण्याचं आठवलं असावं, जरा लाजली. मग पिशवीतलं सगळ्यात मोठं कणीस त्यांच्या हातात ठेवलं आणि चपला काढून एकेक करत टोपल्यात टाकल्या. त्यांना दिसतील अशा.

दार लागलं, पण गाडी काही हलेना. ड्रायव्हर आरशातून गेनबांकडे बघत होता. वाट बघत होता.

गेनबांनी टोपलं मोजलं, सावकाश. चौतीस. मग डबी उचलली.

टण टण.

गाडी निघाली. गेनबा पहिल्यांदाच अंग सैल सोडून आडवे झाले आणि घोरायला लागले, ते दालात आलं तरी उठेनात. सगळी उतरली. गार वाऱ्यात उभं राहून मुक्ताबाईंनी पदर खांद्यावर घेतला आणि दारातून आत हाक दिली,

"आहो कंडक्टर! एक कमी हाय!"