पल्याडच्या काठावरून

अ‍ॅरिझोनात उन्हाळ्यात मासे धरायचे तर पहाटेच निघावं लागतं. सूर्य डोंगरावर हातभर चढला की धरणाचं पाणी तापतं, मासे खोल तळाला जाऊन बसतात आणि काठावर उरतात ते फक्त भाजणारे दगड आणि ज्यांना हे ठाऊक नाही असे हौशी लोक. अहिल्याला हे ठाऊक होतं. तिच्या नवऱ्याला, म्हणजे सुमंतला, हे ठाऊक करून घ्यायची मुळीच इच्छा नव्हती, पण गाडी तोच चालवत होता.

"रिटायर झालेल्या माणसाला अंधारात उठवायचं, आणि तेही मासे बघायला," तो म्हणाला. "तेही व्हेजिटेरियन माणसाला. यार, काहीतरी लिमिट!"

"तुम्हाला मासे बघायचे नाहीत. फोन धरायचाय."

"तेच म्हणतोय. प्रमोशन झालं माझं."

अहिल्या हसली नाही. मांडीवर पांढरी प्लास्टिकची बादली होती आणि बादलीत जाळं. ती दोन्ही हातांनी बादली अशी धरून बसली होती की जणू वळणावर कोणी हिसकावून नेईल.

मेसा गावातल्या मराठी मंडळींना अहिल्याकाकू माहीत होत्या त्या गणपतीच्या मोदकांमुळे. आयुष्यभर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावून रक्त तपासलं, आता निवृत्त, स्वभावानं शांत, आणि 'नागपूरकडच्या'. नागपूरच्याही पुढे भंडारा जिल्ह्यात एक गाव आहे, गावाला एक जुनं तळं आहे आणि त्या तळ्यावर अहिल्याचे वडील दसरू ढीवर जन्मभर जाळं फेकून जगले, एवढ्या खोलात कोणी कधी शिरलं नाही. अहिल्यानं लपवलं नव्हतं. कोणी विचारलंच नाही, आणि सासूबाई दहा वर्षं घरात असताना माशाचा विषय काढणं तिलाही बरं वाटलं नाही. सासूबाई गेल्या, पण घरात मासा काही आला नाही. सवयच तशी पडली.

खरं सांगायचं तर तिला मासा नकोच होता. तिला ते जाळं हवं होतं.

बाबा गुडघाभर पाण्यात उभे राहायचे. जाळ्याची दोरी मनगटाला, अर्धं जाळं खांद्यावर, अर्धं हातात. एक गिरकी घ्यायचे आणि जाळं हातातून सुटून हवेत उघडायचं, पोळपाटासारखं गोल, आणि सगळ्या कडेनं एकदमच पाण्यावर पडायचं. आवाज एकच. त्यात एवढं काय होतं ते अहिल्याला कधी कुणाला सांगता आलं नाही. लॅबमध्ये कितीतरी दुपारी तिच्या डोळ्यांसमोर ते उघडायचं, आणि काळजात कळ यायची.

जवळ जायची मात्र बंदी होती. "बाईचा हात लागला का जाळं आंधळं होते," असं बाबांची आई सांगायची, आणि घरात ते कोणी मोडत नव्हतं. म्हणून अहिल्या घरची भांडी घेऊन तळ्याच्या पल्याडच्या काठाला जायची. तिथं मोहाचं झाड होतं. त्याखाली बसून ती एक पातेलं इतका वेळ घासायची की त्याला भोक कसं पडलं नाही याचंच आश्चर्य. गावातले दुसरे मासेमार ढीवर बाबांची थट्टा करायचे, "हा दसरू जाळं फेकते का आरती ओवाळते?" कारण बाबा फार सावकाश फेकायचे. बाकीच्यांचं दोनदा फेकून व्हायचं तेव्हा त्यांची एक गिरकी पुरी व्हायची. बाबा तसेच सावकाश फेकत राहायचे.

धाकट्या भावाच्या, शिवच्या, हातात बाबांनी जाळं दिलं त्या उन्हाळ्यात ती सोळा वर्षांची होती. पहिल्या जाळ्याचं पाण्याला परत द्यायचं, ही त्यांच्या घरची रीत. शिवच्या जाळ्यात आलेले मासे बाबांनी सोडून दिले, काठावर नारळ फोडला आणि पोराच्या कपाळाला गुलाल लावला. अहिल्या मोहाखाली पातेलं घासत होती. ती रडली, पण भांडी घासताना तोंडावर पाणी उडतंच, त्यामुळे कोणाला कळलं नाही. त्याच पावसाळ्यात ती शिकायला नागपूरला गेली, तिथून मुंबईला, तिथं सुमंत भेटला, आणि मग अमेरिका.

शिवनं तरी काय केलं? दहा-बारा वर्षं जाळं फेकलं आणि तालुक्याला सायकलचं दुकान टाकलं.

जानेवारीत ती गावी गेली तेव्हा बाबांचा डावा डोळा गेलेला होता. उजव्याचंही खरं नाही, असं डॉक्टर म्हणाले. या उन्हाळ्यापर्यंत दिसेल, पुढचं सांगता येत नाही. तळं आता ठेक्यावर गेलं होतं. बाबांचं जाळं पडवीत टांगलेलं होतं, आणि उंदरांनी त्याची पार वाट लावली होती. संध्याकाळी ती बाबांच्या शेजारी काठावर बसली. तोंडाशी आलं होतं, बाबा, मला एकदा फेकून बघायचंय. साठी उलटलेली बाई, पण जीभ उचलली नाही. त्याऐवजी ती शिवशी भलत्याच गोष्टीवरून भांडली.

"बाबा किती हळू फेकायचे रे. किती छान दिसायचं."

"बाबा आन् हळू?" शिव म्हणाला. "तुले कोनं सांगतलं? माह्या हातात जाळं येईपर्यंत त्यायचं दोनदा फेकून व्हाये. बारा वर्सं मी बाजूले उभा होतो ताई, तू नोय."

ते तिला लागलं. ती बाजूला नव्हती, हे खरंच होतं. बाबा दोघांचं ऐकत होते आणि तळ्याकडे तोंड करून बसले होते.

मग मे महिन्यात, धरणाच्या वाटेवरच्या आमिषाच्या दुकानात ती नुसतं थंड पाणी घ्यायला म्हणून शिरली आणि भिंतीवर तिला जाळं दिसलं. नायलॉनचं, छोटंसं, कडेनं शिशाचे मणी ओवलेलं. दुकानदारानं सांगितलं की लायसन्स काढलं तर गळाला लावायच्या बारक्या मासोळ्या धरायला एवढं जाळं चालतं, मोठा मासा आला तर सोडून द्यायचा. अहिल्यानं पुढचं काही ऐकलं नाही. तिच्या डोक्यात एकच होतं. बाबांचा डोळा आहे तोवर त्यांना एकदा दाखवायचं. इथली पहाट म्हणजे तिकडची संध्याकाळ, दोन्हीकडे उजेड. फोन तर आहेच.

राहिली होती बारीकशी गोष्ट, जाळं उघडायची.

घरामागच्या स्विमिंग पूलमध्ये तिनं सराव केला. जाळं हवेत गेलं आणि भज्यासारखं गोळा होऊन डुबुक्‌ करून पडलं. पुन्हा फेकलं, पुन्हा भजं. बेलव्ह्यूला असलेल्या मुलीनं, नैनानं, फोनवर सांगितलं, "आई, जस्ट यूट्यूबवर बघ ना. देअर आर लाइक हंड्रेड व्हिडिओज." अहिल्यानं ते सगळे पाहिले. प्रत्येक गोऱ्याची तऱ्हा वेगळी. त्यांचं पाहून फेकायला जावं तर अंगात बाबा यायचे, आणि बाबांसारखं फेकायला जावं तर भजं. सुमंत खिडकीतून पाहत होता. चेष्टा करायचा त्याचा हक्क तो सहसा सोडत नाही, पण त्या आठवड्यात त्यानं सोडला. उलट एक दिवस बाहेर येऊन म्हणाला, "अगं, लेकवरच करू कॉल. इथं क्लोरीनच्या पाण्यात त्यांना काय दाखवणार?"

म्हणून ही पहाट.

पाणी फार खाली गेलं होतं. समोरच्या कड्यावर चहाच्या कपाला उरतो तसा पांढरा पट्टा उरला होता, आणि बोटी उतरवायचा उतार पाण्यापासून कितीतरी वर कोरडा पडला होता. एरवी बुडालेली झाडांची खोडं उघडी झाली होती. वारा आत्ताच कोमट होता. अहिल्या गुडघाभर पाण्यात शिरली. पाणीही कोमट होतं, आणि तिला एकदम गावचं तळं आठवलं, मे महिन्यात आटत आलेलं. जरा पुढे पाण्यावर पावसाचे थेंब पडावेत तशी बारीक कारंजी उठत होती. मासोळ्या वर आल्या होत्या. पाऊण तास, फार तर तास, मग ऊन येणार आणि सगळं संपणार.

सुमंतनं फोन लावला. पडद्यावर शिव दिसला, मग पडवी, मग खाटेवर बसलेले बाबा.

"नमस्कार बाबा. कसं आहे?"

"रामराम जवाईबापू. पोट्टी कोठं हाय?"

"पाण्यात!" सुमंत म्हणाला, आणि त्यानं फोन अहिल्याकडे वळवला.

"बाबा, पाहा आता," ती ओरडली. एवढंच म्हणायला तिला उभा जन्म लागला होता. तिनं जाळं खांद्यावर घेतलं, गिरकी घेतली आणि सोडलं.

भजं.

ओढलं, झटकलं, पुन्हा फेकलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर शिशाचे मणी तिच्याच पोटरीवर बसले. पलीकडच्या डोंगराची कड पिवळी झाली होती.

"बाबा, थांबा हं, पाहता ना? दिसते ना?"

तिकडून शिवचा आवाज आला, खाली पडलेला. "ताई, मी सांगनारच होतो तुले..."

"मले दिसत नाही वं," बाबा म्हणाले. "महिना झाला. नुसता उजेड दिसते."

अहिल्या पाण्यात तशीच उभी राहिली. जाळ्याची दोरी हातातून सुटली. आपण उशीर केला, जानेवारीत तोंड उघडलं असतं तर, एवढंच तिच्या मनात येत राहिलं, आणि या वेळी तोंडावर होतं ते उडालेलं पाणी नव्हतं. सुमंतनं फोन खाली घेतला, पण बंद केला नाही.

"पन ऐकू येते," बाबा म्हणाले. "एका आंगानं पडते तुहं जाळं. हात बरोबर हायेत. कंबर उलटी फिरते."

"तुमाले दिसत नाही तं कसं कळलं, बाबा?"

"तू पल्याड बसत होतीस ना, मोहाखाली. माह्या समोर. समोरून पाहनाऱ्याले सारं उलटंच दिसते, आरशावानी. हात तू इचार करून बदलले असतीन. कंबर इचार करत नाही, ते जसं पाह्यलं तसंच फिरते."

अहिल्याला आधी समजलं नाही. मग तिनं रिकामीच गिरकी घेऊन पाहिली, आणि समजलं. सगळी वर्षं तिच्या डोळ्यांसमोर जे फिरत होतं, ते पल्याडून फिरत होतं.

"तुमाले मालूम होतं, मी पाहते म्हणून?"

"आंधी फेक. मासोळी थांबत नाही."

तिनं दोरी शोधली. मनगटाला अडकवली. खांदा बदलला, हात बदलले, डाव्याचं उजव्याला दिलं आणि कंबर मात्र तशीच फिरू दिली, जशी तिला फिरायची होती. जाळं सुटलं. उघडलं. ते फार मोठं नव्हतं, पण गोल होतं, पुरतं गोल, आणि सगळ्या कडेनं एकदमच पाण्यावर पडलं.

सुमंत काहीतरी ओरडला. पडवीत बाबांनी मांडीवर थाप मारली. "पडलं! शिव, आयकलं का? एकच आवाज!"

तिनं जाळं ओढलं. बोटभर रुपेरी मासोळ्या होत्या, ओंजळभर, तडफडणाऱ्या.

"काय लागलं?"

"बारीक हायेत, बाबा. चांदीवानी."

"सोड त्यायले. पयलं जाळं हाय तुहं."

अहिल्यानं जाळं पाण्यातच उलटं केलं. मासोळ्या क्षणात दिसेनाशा झाल्या. तिकडे बाबा शिवला नारळ आणायला सांगत होते, आणि शिव विचारत होता की आत्ता, इथं, पडवीत? आणि बाबा म्हणत होते, "मंग कोठं? तिथं जवाईबापूजवळ नारळ हाय का?" जवाईबापूंजवळ नव्हता. त्यांच्याजवळ चष्मा होता, तो ते शर्टाच्या टोकानं पुसत होते. फोनमधून दगडावर नारळ फुटल्याचा आवाज आला.

"बाबा," अहिल्या म्हणाली. ती पाण्याबाहेर येऊन फोनपाशी उकिडवी बसली होती. "तुमी सांगतलं नाही. तुमाले मी दिसत होती तं."

"कसं सांगू? माय घरात होती माही. तिचं मोडता येत नव्हतं." बाबा म्हणाले. "शिव म्हनते ते खरं हाय. मी हळू नव्हतो फेकत. कोनाचंच जाळं हळू फेकून पोट भरत नाही. तू मोहाखाली बसली असली, का तेवढंच हळू फेकत होतो. तुले नीट दिसावं म्हनून."

ऊन कड्यावरून खाली उतरलं होतं. पाण्यावरची कारंजी थांबली होती, मासोळ्या खोल गेल्या होत्या. सुमंतनं निघायचं का म्हणून विचारलं नाही. अहिल्यानं फोन त्याच्या हातात दिला, जाळं खांद्यावर घेतलं आणि ती पुन्हा पाण्यात शिरली.

"आयका बाबा," ती म्हणाली, आणि तिनं फेकलं. सावकाश.