बाटली खराब निघाली

दसऱ्यानंतर यांची शुगर वाढलेली निघाली आणि डॉक्टरांनी चष्म्यावरून थेट माझ्याकडे पाहिलं. "भाभीजी, आप इनको खिला क्या रही हैं?" मध्य प्रदेशातलं बालाघाट आमचं, इथं डॉक्टर हिंदीतच रागावतात. दार उघडं, बाहेर बाकावर ओळखीच्या बाया बसलेल्या. माझे कान तापले. पदर सावरून मी चोरासारखी खाली पाहत राहिले. बाजूला हे, म्हणजे माझे यजमान, सरकारी नोकरीतून रिटायर झालेले, छताच्या पंख्याकडे पाहत होते.

इन्सुलिनचं सगळं काम यांचंच. मला सुईची धास्ती. पोळ्याला सील फोडलेली बाटली खिडकीत, दाढीच्या सामानाजवळ असायची. हे रोज थोडंसं ओढून पोटाला टोचून घेत. डोस लहान, त्यामुळे बाटली सरता सरेना. माझं काम एकच, घरात गोड येऊ द्यायचं नाही. आणि मी येऊ देत नव्हते हो! तरी वाटायला लागलं, आपल्याच हातून काहीतरी होत असेल. भाजीत चिमूटभर गूळ टाकायचे, तो बंद केला. मग साखरेचा डबाच घरातून काढला. माझाही चहा फिक्का. दिवाळीत करंज्या केल्या नाहीत, तर माहेरी आलेली पोरगी तोंड फुगवून बसली.

दवाखान्यातली बातमी आमच्या आधी कटंगीला, नणंदेच्या गावी, पोचली होती. तिथं भाच्याचं लग्न ठरलं, त्याच्या साक्षगंधात, व्याह्यांच्या देखत, नणंद म्हणाली, "वहिनी, गोड चारू चारू माह्या भावाले मारता का काय?" सगळे हसले. मी पण हसले, मेलं! मग इतकी लाज वाटली की पंगतीत यांच्या पानातला गुलाबजाम मीच उचलून घेतला, चारचौघांना दिसावं म्हणून. हे खाली बघून भात कालवत राहिले.

त्यानंतर शुगर आणखी चढली. चपलेनं घासून पायाला जखम झाली होती, ती भरेना. आता मात्र माझा जीव घाबरला. डॉक्टरांनी औषधं सोबत आणायला सांगितली, म्हणून मी बाटली रुमालात गुंडाळून नेली. त्यांनी ती उजेडात धरली. "कब खोली थी?"

"पोळा के दिन," मी म्हटलं. "अभी बाकी है ना उसमें."

डॉक्टरांनी बाटली सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. एकदा फोडली की साधारण चार आठवडे, मग उरली तरी फेकायची. खोक्यावरची तारीख बंद बाटलीची असते. आणि खिडकीत, उन्हात तर ठेवायचीच नाही. औषधात जोरच उरला नव्हता, असं त्यांनी समजावलं. मग यांच्याकडे वळून विचारलं, "मेडिकल वाले ने बताया नहीं था?"

"बोला था," हे म्हणाले. "हर बार बोलता है. उसको तो बेचना रहता है ना."

ऑटोत बसल्यावर मी विचारलं, "त्या दिवशी, दसऱ्यानंतर, दवाखान्यात काहून नाही बोलले?"

"मनात आलतं माह्या," हे म्हणाले. "पण डॉक्टर तुलेच बोलून राह्यला होता."

असा संताप आला! घरी आल्याबरोबर मी फोन यांच्या हातात दिला. "कटंगीले लावा. बहिणीले सांगा, माह्यासमोर."

यांनी लावला. स्पीकर मीच दाबला. यांनी घसा खाकरला. "अवं, शुगरचं कारण सापडलं. ते बाटलीच खराब निघाली."

"अगं बाई! अन् मी वहिनीले काय काय बोलली!" नणंदेचा आवाज रडवेला झाला. "वहिनी, खरंच काय? बाटलीच खराब होती?"

मेडिकलवाला दर वेळी बजावायचा, तरी यांनी ऐकलं नाही. सांगून टाकावं, सगळं सांगून टाकावं. हे माझ्याकडे बघत होते, मान खाली, डोळे तेवढे वर. दसऱ्यानंतर दवाखान्यात मी बसले होते, तसेच चोरासारखे. मला ते बघवेना.

"हौ," मी म्हटलं, "बाटलीच खराब होती."

फोन ठेवला आणि माझी मलाच लाज वाटली. डॉक्टरांसमोर वाटली होती त्याहून जास्त.