खारे हरभरे आणि लाल थेंब

आज सकाळी फडक्यात बांधलेल्या हरभऱ्याच्या मोडांचा ओलसर वास आला आणि, मुलांनो, तेलंगणात बोथजवळ मी शिकवायचे त्या शाळेची प्रयोगशाळा आठवली. बाटलीत मोड आलेले हरभरे, त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड शोषायला चुन्याची पुडी, बुचातून बाहेर आलेली काचेची बारीक नळी आणि नळीत लाल शाईचा थेंब. दाणे श्वास घेतील तसा थेंब बाटलीकडे सरकणार आणि पट्टीवर आम्ही त्याचा वेग मोजणार. तपासायला शिक्षण खात्याचे साहेब आले होते. थेंब सरकला तरच प्रयोग मांडणारी नववीतली मुलगी आदिलाबादच्या प्रदर्शनाला जाणार होती. दहा मिनिटं झाली तरी थेंब जागचा हलेना. मुलीने वाटीत उरलेला एक दाणा तोंडात टाकला आणि ती ओरडली, "बाई, हे तं शिजवेल हायत! मीठ बी हाय!" दारातून स्वयंपाकीण मावशी म्हणाल्या, "मंग? सायबाले कच्चे खाऊ घालता का?" साहेब हसले, पण मुलीचे डोळे भरले. मग ती एकदम मैदानात पळाली आणि ओढणीत पाच नाकतोडे धरून आली. दाणे काढून आम्ही ते बाटलीत सोडले आणि बूच घट्ट लावलं. मावशी वाकून पाहू लागल्या. "कोनी श्वास नका सोडू, थेंब भिईन," असं त्यांनी साहेबांनाच दटावलं. थेंब थरथरला, एक रेघ सरकला, मग दुसरी, आणि मुलगी मोठ्याने आकडे म्हणू लागली. आदिलाबाद पक्कं झालं. अजून आठवलं की हसू येतं: तेवढा वेळ त्या खोलीत श्वास घेत होते ते फक्त नाकतोडे.