गुरुवारच्या रेघा

सुदुंबऱ्याच्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही रोज वीज पाडतो, लहानशी. तांब्याच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगी उडते आणि काही मायक्रोसेकंदांत मरते. तेवढ्यात तिचा उजेड रंगांत फोडून वेगवान कॅमेऱ्यात धरायचा. मग रेघांवरून कळतं, त्या तापलेल्या वायूत कोण कोण होतं.

आम्ही सगळे पदव्यांचे भारे वाहणारे. पण रोज संध्याकाळी कांड्या घासून लख्ख करणारे एकटे गोरखभाऊ. वलवणचे, सातवी पास, पूर्वीचे वेल्डर. कांडी मळकी राहिली तर मळाच्याच रेघा उमटतात, म्हणजे प्रयोगशाळेचे खरे साहेब तेच. हे मी आमच्या प्रमुखांसमोर, अमृत सरांसमोर, कधी बोलले नाही.

भाऊंना तंबाखूचं व्यसन. चुना लावून मळायची आणि दाढेखाली धरायची. अलीकडे वर्णपटाच्या जांभळ्या टोकाला कॅल्शियमच्या दोन रेघा दिसू लागल्या आणि सरांना गुन्हेगार सापडला. चुन्यात कॅल्शियमच असतं ना!

"पुन्हा रेघा आल्या तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नका," सर म्हणाले. भाऊंच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं. मला सरांचा भयंकर राग आला, कारण भाऊ हात धुऊन, हातमोजे चढवूनच कांडीला शिवतात.

भाऊ मात्र ढिम्म. नोंदवही चाळत मला म्हणाले, "ताई, तंबाखू मी रोज खातो. मग ह्या रेघा गुरुवारीच कशा येत्यात?"

मी तारखा पाहिल्या. सगळे गुरुवार, आणि दर वेळी सकाळची पहिलीच ठिणगी.

पुढच्या गुरुवारी ठिणगी पाडण्याआधी भाऊंनी सगळ्यांदेखत कांड्यांच्या काचेच्या पेटीचं झाकण काढलं आणि पांढऱ्या फडक्यानं कांडी पुसली. फडकं लाल झालं. कुंकू! हळदीत चुना घालून केलेलं, घरगुती.

त्या दिवशी आमच्याआधी एकच माणूस आला होता. आम्ही हळूच सरांच्या हाताकडे पाहिलं. अनामिका लाल. दर सोमवारी आम्हाला अंधश्रद्धेवरून झोडणारे हेच ते सर.

भाऊंनी झाकण लावलं. ठिणगी उडाली. नुसतं तांबं आणि हवा, जांभळं टोक कोरं. मला इतका आनंद झाला की हसू आवरेना.

सर पडद्याकडे बघतच पुटपुटले, "भाऊ, उद्या लवकर या."

"येतो की. पर साहेब, कुकू भाईर झाकणाला लावत जावा. द्येवाला काचंतनंबी दिसतं."